मिस्त्रींच्या लेकीची नवी गाडी

आमचे शेजारी मिस्त्री म्हणजे इंजिनांचे वैद्यबुवा. स्क्रूड्रायव्हर इंजिनावर टेकवून मूठ कानाला लावली, की दुखणं सांगत. लेकीची जुनी गाडी सतत कुरकुरायची, म्हणून ती दर रविवारी माहेरी यायची. बाप गाडीखाली, लेक पायरीवर, आणि गप्पा संपता संपायच्या नाहीत. “रस्त्यात अडकशील कधीतरी,” म्हणत मिस्त्रींनीच तिला नवी गाडी घ्यायला लावली. तिचं इंजिन झाकणाखाली बंद. बिघाड कंपनीचा संगणक शोधणार, पण बिघडतंय कुठे?

परवा माझ्यासमोरच त्यांनी लेकीला फोन लावला.

“काही आवाज येतो का गं?”

“नाही हो बाबा, मस्त चाललीय.”

“बारीकसासुद्धा नाही?”

“नाही. तुम्ही आता आराम करा.”

फोन ठेवून मला म्हणाले, “गाडी फारच चांगली निघाली हो.”