खपल्या ओढू नका

ठकुबाईच्या हातांवर आणि कोपरांवर लाल चट्टे उठायचे, त्यांवर पांढऱ्या खपल्या धरायच्या. उत्रोलीत प्रत्येकाला त्यावर इलाज ठाऊक होता, आणि सगळ्यांचा इलाज एकच. घास. कुणी नारळाच्या शेंडीनं घास म्हणे, कुणी राखेनं. लोक भांडीसुद्धा इतकी घासत नव्हते.

भोरच्या डॉक्टरांनी उलटं सांगितलं होतं. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागणारा नाही, मुळापासून जाणाराही नाही. खपल्या ओढू नका, कातडी कोरडी पडू देऊ नका. तेव्हापासून ती कोमट पाण्यानं हात धुई, लुगड्याच्या मऊ फडक्यानं नुसतं टिपून घेई आणि ओलसर कातडीवरच हलक्या हातानं खुरासणीचं तेल लावी. ऐकायला सोपं. पण शेणगोठा, भांडी, रानातलं काम सांभाळून हे रोज करणं म्हणजे आणखी एक शेत कसणं. एखादा दिवस चुकला की भेगा पडत.

नवरा सावळाराम कुरकुरे, "कालवणात तेल न्हाई, आन् कोपराला धार!"

"मग कोपरच घाला कालवणात."

माघ सरता सरता चट्टे निवळले, आणि त्यांच्या रानात इरजिक ठरली. गावचे गडी आपापल्या बैलजोड्या घेऊन येणार, मजुरी न घेता नांगरणार. त्यांना जेवू घालायचं आणि वाढायचं घरच्या बाईनं. गडी न जेवता उठले, तर पुन्हा त्या रानात जोडी उतरत नाही. ठकुबाईला महारोग आहे, अशी कुजबूज पाणवठ्यावर होतीच.

त्या सकाळी थोरली जाऊ बाळाबाई टाचा घासायची वजरी घेऊन आली.

"आण हिकडं हात."

"नगं आक्का. बरं हाय आता."

"कशाचं बरं? कांडल्याबिगर तांदूळ पांढरा हुतो व्हय?"

"लई कांडला तर कणी हुती."

"तोंडच चालव तू. गडी उठून गेले म्हंजी कळंल."

थोरल्या जावेपुढं हात मागं घ्यायची रीत नव्हती, आणि भीतीही होतीच. बाळाबाईनं रक्ताळेपर्यंत घासलं. हिवाळाभराची मेहनत मोरीतून वाहून गेली.

दुपारी बांधावर पंगत बसली. भात वाढून झाला. ठकुबाई आमटी घेऊन आली, तशा सगळ्यांच्या नजरा तिच्या सोललेल्या हातांवर गेल्या. वडीलधाऱ्या मानसिंगतात्यांनी पत्रावळीवर हात आडवा धरला. पंगत थांबली. ठकुबाईनं भरली पळी झटक्यात मागं घेतली आणि कढत आमटी मनगटावर सांडली.

"आई गं!"

"भाजलं व्हय?" तात्यांनी विचारलं.

"भाजंल न्हाई तर काय! आक्कानं सकाळीच सोलून ठिवलंय."

"चट्ट्यावरच दुखतंय?"

"तितंच तर दुखतंय! पुन्यांदा वतून दावू का?"

म्हातारा हसला. त्याचा भाऊ महारोगानं गेला होता. "माज्या भावाच्या चट्ट्यावर निखारा पडला तरी त्याला कळायचं न्हाई. ह्यो महारोग न्हवं, गड्यांनो. वाढ, सूनबाई." त्यानं हात काढला. पंगत जेवू लागली.

"बगा!" मागून बाळाबाई ओरडली. "घासल्याचा गुण आला!"

ठकुबाईनं पातेलं तिच्या हातात दिलं. "मग आता तुमीच वाढा, आक्का. मला पळीबी धरवत न्हाई."

ती सावलीला जाऊन बसली. लावणीपर्यंत कातडी भरून येईल का, पहिल्यापासून किती तेल लागेल, हेच तिच्या डोक्यात होतं. तिकडं बाळाबाई वाढता वाढता प्रत्येक गड्याला घासायची रीत समजावून सांगत होती.