घुशीचं तोंड

भुताखेतांच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर हसत आले. आमचं घर आजोबांपासून बौद्ध. उतारा, भगत, नजर... यातलं काही आमच्या दारात आलंच नाही. त्यात मी प्राणिशास्त्र शिकवते. मेलेला प्राणी मेलेला असतो, एवढं तरी मला पक्कं ठाऊक होतं.

आम्ही लाखनीला राहतो. हायवेला लागून, पंक्चरच्या दुकानामागे. धान कापून झालं की बांध्यांमधले, म्हणजे भाताच्या खाचरांतले, उंदीर, घुशी धरून शेतकरी मला आणून देतात. त्यांची कातडी काढून, कापूस भरून मी कॉलेजच्या संग्रहासाठी नमुने करते. त्या वेळी कॉलेजात परीक्षा होत्या, लॅब बंद होती, म्हणून मागच्या खोलीत टेबल मांडलं होतं.

ती घूस अशाच एका शेतकऱ्याने, हटवार काकांनी, आणली. पिंजऱ्यातच मेलेली, पण मरण्याआधी तिने पिंजऱ्याची तार वाकवून ठेवलेली.

"मॅडम, इले लवकर न्या," ते म्हणाले. "मेली तरी माहा कुत्रा जवळ जाऊन नाही राहिला. दुरूनच भुकते."

मी हसले आणि कामाला बसले. पोटावर चीर द्यायची, रक्त टिपायला धानाचा कोंडा भुरभुरायचा आणि उशीचा अभ्रा उलटा करावा तशी कातडी सोलत डोक्यापर्यंत न्यायची. कान, डोळे, ओठ जपून सोडवले की कवटी दातांसकट बाहेर येते. ती वेगळी साफ करतात. मग कीड लागू नये म्हणून कातडीला आतून बोरॅक्स चोळायचा, ओठ टाके घालून बंद करायचे, शेपटीत तार, पोटात कापूस, आणि पाय टाचण्यांनी पाटावर ताणून सावलीत वाळवायचं. म्हणजे पाटावर जे उरतं त्यात हाड जवळजवळ नसतंच. दात तर एकही नाही. कवटी मी दुसऱ्याच दिवशी कॉलेजात नेऊन ठेवली.

संध्याकाळी परत आले तर ओठांचे टाके तुटलेले. तोंड उघडं.

दोरा कच्चा असेल म्हणून मी जाड दोऱ्याने पुन्हा शिवलं. वरून लोखंडी चाळणी पालथी घातली आणि चाळणीवर वरवंटा ठेवला, घरातला एखादा उंदीर येत असेल तर म्हणून. सकाळी वरवंटा जागेवर, चाळणी जागेवर. दोरा मात्र आत तुकडे होऊन पडलेला. कात्रीने कापल्यासारखा.

मग तो आवाज सुरू झाला. घूस चिडली की दातावर दात घासते — तुम्ही ऐकलं असेल तर विसरणार नाही. मी भर दुपारी टेबलाशी बसले की पाटाकडून तो यायचा, करकर... करकर. ट्रक गेला की त्यात बुडायचा, ट्रक दूर गेला की पुन्हा. मी उठून गेले की बंद. त्या खोलीत मला भीती वाटत होती असं म्हणणार नाही. कुणीतरी आपला मनापासून द्वेष करतंय आणि आपण त्याच्याकडे पाठ करून बसलोय, असं वाटायचं.

शेवटी मी यांना सांगितलं. माझे मिस्टर शाळेत गणित शिकवतात.

"काय वो, उंदरं सोलून सोलून डोकं फिरलं काय तुहं?"

"अजी, एकदा पाहा त खरं."

रविवार होता, सकाळचं ऊन थेट टेबलावर. आवाज काही आला नाही. मी टाचण्या काढल्या आणि कातडी तळहातावर घेऊन त्यांच्यासमोर धरली. तोंडातून कापसाचा पुंजका बाहेर आला होता.

"हे त कापूस फुगून टाके तुटून राहिले," ते म्हणाले, आणि बोटाने पुंजका आत ढकलू लागले.

माझ्या हातात ती कातडी आवळली गेली. मूठ आवळावी तशी. हे ओरडले. बोट सुटेना... मी दुसऱ्या हाताने ओढून काढलं तेव्हा कापूस लाल झाला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बोट फिरवून पाहिलं. वर दोन, खाली दोन, हाडापर्यंत. "घुशीचाच चावा आहे. मोठी असेल. मारली काय?"



जखम चिघळली. थंडी वाजून ताप, सांधे सुजलेले, त्यांना माणसांची ओळख पटेनाशी झाली. भंडाऱ्याला हलवावं लागलं. बोट कापावं लागेल असंही तिथले डॉक्टर एकदा म्हणाले. ते वाचलं, पण अजून वळत नाही. त्याच दिवसांत मी घरी येऊन ती कातडी परसात जाळली. केस, कापूस, सगळं भपकन पेटलं. शेपटीतली तार लाल होईपर्यंत करकर चालू होती. नंतर कधीच ऐकली नाही.

कवटी पाहायला मी धीर करून कॉलेजात गेले. कोरडी, स्वच्छ, दात जागच्या जागी. वेगळं काहीही नाही. पुष्कळ विचार केला. कातडी वाळताना आखडते, हे खरं. पण आखडलेल्या कातडीला दात फुटत नाहीत.

हे आता सगळ्यांना सांगतात की टेबलाखाली जिवंत घूस लपली होती. मी अडवत नाही. परवा मात्र चहा घेताना न राहवून विचारलं, "तुम्हाले खरंच तसं वाटते?"

त्यांनी कप खाली ठेवला. ते ताठ बोट माझ्यापुढे धरलं.

"मी त नुसता कापूस ढकलला," ते म्हणाले. "कातडी तू काढली होती ना? होती बी तुह्याच हातात. मंग तुले काहून सोडलं तिनं?"

खरं सांगू? तिने मला सोडलं आहे का, हेच मला माहीत नाही.