कार्डताईंचं शेवटचं कार्ड

लॅटिन-मराठी कोशाच्या कचेरीत कार्डताईंचं खरं नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक होतं. टायपिंगला म्हणून आल्या, डबा खाता खाता लॅटिन शिकल्या आणि एकतीस वर्षं शब्दांची कार्डं लिहीत बसल्या. हट्ट एकच: अर्थ आधी शिपाईमामांना वाचून दाखवायचा. मामांनी मान डोलावली तर कार्ड खणात, नाहीतर पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

निवृत्तीच्या दिवशी एकच कार्ड उरलं, ‘कॉन्फ्रागोसुस’. ताईंनी लिहिलं, ‘खडबडीत (जमीन)’. संपादकसाहेबांनी त्यावर लाल रेघ ओढली.

“हा अर्थ ‘आस्पेर’ला दिलाय. शाळेच्या छोट्या कोशात एका अर्थाला दोन शब्द कशाला? चारपर्यंत फरक दाखवा, नाहीतर शब्द बाद.”

शेवटचंच कार्ड बाद करून घरी जायचं? ताईंनी मामांना गाठलं.

“खडबडीत तर भिंतपण असते, ताई. ही जमीन नेमकी कशी?”

“खडक, खळगे. चालताना सैन्याची रांग तुटते. शब्दाच्या पोटातच ‘मोडणं’ आहे.”

“मग तसं लिहा की! जिथं दहा पावलं सलग पडत नाहीत अशी.”

इतकं साधं आपल्याला कसं सुचलं नाही म्हणून ताईंनी कपाळाला हात लावला. मग जुने उतारे पुन्हा चाळले, तर एका रोमन गुरुजींनी हाच शब्द पोरांची जीभ वळावी म्हणून घोकायच्या अवघड ओळींना लावलेला. ताई गालात हसल्या.

चारला त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या. साहेबांना आपल्या स्वच्छ उच्चारांचा भारी अभिमान.

“साहेब, ‘चटईला टाचणी टोचली’, पाच वेळा भराभर म्हणा.”

“त्यात काय!” साहेब सुटले. तिसऱ्या खेपेला चटईला टोचणी टाचली, चौथ्या खेपेला टाचणीलाच चटई टोचली. अख्खी कचेरी खो खो हसली.

“ओळीत खडबडीत काहीच नाही, साहेब. वाट मोडकी आहे, म्हणून जीभ अडखळली. हा ‘कॉन्फ्रागोसुस’.”

साहेब लाल झाले, मग स्वतःच हसत सुटले आणि त्यांनी कार्डावर ‘ठेवा’ म्हणून सही ठोकली.

ताईंनी नवा अर्थ लिहिला आणि कार्ड खणात टाकायला उठल्या. मामा आडवे आले.

“आधी मला वाचून दाखवा.”

“‘जिथे सलग पावलं...’” एवढं म्हणून ताई थांबल्या. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथेच आवाज तुटला.

मामांनी मान डोलावली. “कळलं, ताई. टाका खणात.”