बुधवारची विनंती

मिस्त्रींना चर्चमध्ये लोखंड चालत नसे. बाकं, प्रभुभोजनाचं टेबल, व्यासपीठ, दाराची चौकट, सगळं त्यांच्या हातचं आणि सगळं लाकडी खुंट्यांवर उभं. लोकांच्या घरी ते खुशाल खिळे ठोकत. प्रभूच्या घरात मात्र नाही. "प्रभूला एकदा ठोकले तेवढे पुरेत," एवढंच म्हणत. ऐकणाऱ्याला वाटे, म्हातारा गंमत करतोय. मिस्त्री गंमत करत नसत.

खुंटी कडक वाळलेल्या लाकडाची करायची. मग ती हवेतली ओल पिते, फुगते, भोकात घट्ट बसते. वर्षभरानं ती उपटायला गेलात तर लाकूड फाटेल, खुंटी हलणार नाही. कापावीच लागते. मिस्त्रींना याचा अभिमान होता. "माझं काम काढायचं तर करवत आणा," ते म्हणायचे.

निवडणुकीच्या आदल्या वर्षी चर्चमध्ये देशाचा झेंडा आला. आधी दाराशी उभा होता. मग मधल्या वाटेत आला. मग वेदीच्या उजव्या हाताला, जिथं मोठी मेणबत्ती असायची तिथं. मेणबत्ती सामानाच्या खोलीत गेली. झेंड्याची काठी वेदीवरच्या क्रुसापेक्षा दीड हात उंच होती. मिस्त्रींच्या नजरेनं ते पहिल्याच दिवशी मापलं. बोलले मात्र नाहीत. धंद्याची सवय, म्हणून दिसतं, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

झेंडा कॅप्टननी आणला होता. कॅप्टन म्हणजे पंचमंडळाचे अध्यक्ष, फौजेतून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हता. मिस्त्रींची आई गेली तेव्हा शवपेटीला पहिला खांदा त्यांनीच दिला होता. सीमेवर त्यांनी मित्र गमावले होते, आणि ते मित्र कुणी मारले हे ते विसरू शकत नव्हते. ज्यांनी मारले ते लाल होते. लाल म्हणजे देव न मानणारे. म्हणजे देवाचे शत्रू. हिशेब सरळ होता. मिस्त्रींनाही तो पटला होता.

म्हणून वेदीमागे लावायच्या पाटीचं काम त्यांनी हौसेनं घेतलं. जुन्या फळीवर नऊ दिवस खपून एकेक अक्षर कोरलं. देव आमचा, देश आमचा, लाल शत्रूचा नाश होवो. पाटी वेदीमागच्या तुळईवर चार खुंट्यांनी बसवली. दर रविवारी उपासनेआधी मंडळी उभी राहून ते वाक्य म्हणू लागली. पहिल्या रविवारी मिस्त्रींच्या बायकोनं हळूच त्यांच्या कोपराला स्पर्श केला. नवऱ्याचं काम सगळे वाचत होते.

मिस्त्रींना एकच मेहुणा. बायकोचा धाकटा भाऊ. कारखान्यात लेथवर होता आणि युनियनचा सेक्रेटरी होता. मिस्त्री त्याला कॉम्रेड म्हणत, अर्धं लाडानं, अर्धं रागानं. दर शनिवारी तो कारखान्यातून थेट वर्कशॉपमध्ये यायचा, भुशावर बसायचा, चहा प्यायचा आणि एखादं हत्यार उसनं न्यायचा. उसनं नेलेलं परत आणायचं असतं हे त्याच्या तत्त्वज्ञानात बसत नसे.

पाटी कोरली जात होती तेव्हाही तो आला होता.

"अक्षरं झकास आलीत, भाऊजी. फक्त एक सांगा. देवाला या देशाचं नागरिकत्व कधी मिळालं?"

"कॉम्रेड, तुझ्या तोंडी देवाचं नाव शोभत नाही."

"म्हणून तर तुम्हाला विचारतोय. सीमेपलीकडे चर्च आहेत ना? तिथल्या सुतारानं पाटीवर काय कोरलं असेल?"

"तिकडे तुझ्या लोकांनी चर्चना कुलपं ठोकली. त्याचं बोल."

मेहुण्यानं चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाला, "ठोकली. चुकलंच ते. मी आमच्या सभेत उठून तसं बोललो तर तिथंही मला बाहेर काढतात आणि इथंही. पण भाऊजी, तुमच्या चर्चची घंटा अडकली होती ती कुणी सोडवली?"

"तू."

"हं. लिहून ठेवा कुठं तरी. शेवटच्या दिवशी उपयोगी पडेल."

"शेवटच्या दिवशी माझी पटाशी आण आधी."

पुढच्या शनिवारी तो हसला नाही. कापडात बांधलेला एक गठ्ठा घेऊन आला. संपाची तयारी चालली होती आणि मालकाची माणसं सभासदांची नावं शोधत होती. गठ्ठ्यात ती नावं होती. "चार दिवस ठेवा. माझ्या खोलीवर नजर आहे. तुमच्यावर कुणी संशय घेणार नाही, तुम्ही तर लाल शत्रूचा नाश करणारे." मिस्त्रींना चीड आली. तरी त्यांनी गठ्ठा माळ्यावर नेला, प्लायवूडच्या तुकड्यांमागे सरकवला. मेहुणा होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

पण त्या रात्रीपासून त्यांना धड झोप लागेना. गठ्ठ्याची भीती नव्हती. भीती मेहुण्याच्या जिवाची होती, म्हणजे त्याच्या आत्म्याची. मिस्त्री खरोखर मानत की हा माणूस एके दिवशी देवापुढे उभा राहणार आहे, आणि तिथं त्याच्या तोंडाळपणाचा उपयोग होणार नाही. अशी काळजी असली की त्यांच्या मंडळीत एकच वाट असे. बुधवार.

बुधवारी संध्याकाळी वीसेक माणसं चर्चच्या मागच्या खोलीत गोल बसत. पाळक विनंतीवही उघडत. ज्याला जे मागायचं ते त्यानं उभं राहून सांगायचं, पाळकांनी लिहायचं, मग सगळ्यांनी मिळून त्यासाठी प्रार्थना करायची. जुन्या पाळकांनी घालून दिलेला एक नियम होता. विनंती पुरती सांगायची. अर्धी झाकलेली विनंती म्हणजे डॉक्टरपुढे शर्ट न काढणं. त्यामुळे तिथं माणसं काय काय बोलत. नवऱ्याची दारू, मुलीचं मोडलेलं लग्न, पोटातली गाठ. आणि चाळीस वर्षांत त्या खोलीतलं बाहेर गेलं नव्हतं. भिंतींना कान असतात म्हणतात. त्या भिंतींना नव्हते.

मिस्त्री उभे राहिले. "माझ्या मेहुण्यासाठी मागा. मन चांगलं आहे, वाट चुकलाय. युनियनच्या नादात पार बुडाला. आता तर त्यांची कागदपत्रं माझ्या माळ्यावर आणून ठेवलीत, मला रात्रभर झोप नाही. देवानं त्याला वळवावं."

वीस माणसांनी डोळे मिटून आमेन म्हटलं. मिस्त्रींना हलकं वाटलं. त्या रात्री त्यांना झोप लागली.

शुक्रवारी दुपारी जीप आली. तीन पोलीस आणि एक इन्स्पेक्टर. त्यांनी कपाटं उघडली नाहीत, हत्यारांची पेटी पाहिली नाही. शिडी लावली, माळ्यावर चढले, प्लायवूड बाजूला केलं आणि गठ्ठा घेऊन उतरले. दहा मिनिटंही लागली नाहीत. जाताना इन्स्पेक्टर मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुम्हाला काही त्रास होणार नाही. प्रार्थना छान करता म्हणे."

मिस्त्रींच्या हातात काटकोन मापायचा गुण्या होता. तो त्यांनी खाली ठेवला. पुन्हा उचलला. काय करायचं होतं ते आठवेना.

मेहुण्याला लेथवरूनच उचललं. यादीतल्या सदतीस जणांना सोमवारी कारखान्याच्या फाटकावरूनच परत पाठवलं.

बायको रोज चौकीवर डबा घेऊन जाऊ लागली. कधी आत घेत, कधी परत करत. घरी आली की भांड्यांशी बोलत असल्यासारखी बोलायची. "ज्यानं तोंड उघडलं ना, त्याच्या जिभेला किडे पडोत." मिस्त्री ताटाकडे बघत. "अहो, तुम्हाला कुणाचा संशय?" ते म्हणत, "काय सांगावं." घास गिळत. हा घास खाली जायला किती वेळ लागतो हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं.

मंगळवारी ते पाळकांच्या खोलीत गेले. पाळक तरुण होते, दोन वर्षांपूर्वीच आलेले. समोर विनंतीवही होती.

"ही कोण वाचतं?" मिस्त्रींनी विचारलं.

"पंचमंडळ बघतं. कोण आजारी, कोणाला भेटायला जायचं, त्यासाठी."

"कॅप्टन?"

"कॅप्टन दर गुरुवारी नेतात." पाळकांनी वही मिटली, जणू तिच्यात अजून कुणी बसलं होतं. "मिस्त्री, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तो देवाला मानत नाही. आणि देशाचा प्रश्न आला की..."

"मी देवाला सांगितलं होतं, पाळकसाहेब."

"हो."

"मग ते चौकीत कसं पोचलं? मध्ये किती टप्पे आहेत?"

पाळकांनी वही खणात सरकवली. त्यांचा चेहरा घाबरलेल्या मुलासारखा झाला होता. मिस्त्रींना त्यांची कीव आली, आणि कीव आल्याचा राग आला.

घरी जाताना ते चर्चमध्ये थांबले. रिकाम्या बाकावर बसले. समोर पाटी होती. त्यांना वाटलं, प्रभूलाही सरकारविरुद्धचा माणूस म्हणूनच मारलं. धरून देणारे लोक देवळातलेच होते. त्यांनाही देशाची काळजी होती. वेदीवरच्या क्रुसावर त्या गुन्ह्याची पाटी होती, 'यहुद्यांचा राजा', आणि मागच्या तुळईवर ही, मिस्त्रींच्या हातची. मेहुणा देव मानत नव्हता हे खरंच होतं. पण त्यासाठी मिस्त्री देवाकडे गेले होते. मंडळीनं ते काम देवाकडून काढून जीपकडे दिलं. आणि हे आपल्याला खुंटी ठोकताना का दिसलं नाही? झेंड्याची काठी क्रुसापेक्षा दीड हात उंच होती. मापलं होतं की आपण.

बुधवारी बायको म्हणाली, "आज मीही येते. माझ्या भावासाठी मागते." मिस्त्रींनी नको म्हणायला तोंड उघडलं, आणि मिटलं. हत्यारांच्या पिशवीत करवत टाकली. तिला वाटलं, कुणाचं काम असेल.

खोलीत नेहमीची माणसं होती. कॅप्टन दाराजवळ, ताठ बसलेले. बायको उभी राहिली.

"माझ्या धाकट्या भावासाठी मागा. तो सुटून यावा."

कॅप्टन मऊ आवाजात म्हणाले, "ताई, त्याच्या मनपरिवर्तनासाठी आपण मागूच."

"मन नंतर बदला. आधी त्याला बाहेर काढा. त्याला दमा आहे."

कुणीतरी खोकलं. पाळकांचं पेन कागदावर टेकलेलं होतं, पण हलत नव्हतं.

मिस्त्री उठले. "लिहा, पाळकसाहेब. मागच्या वेळी भराभर लिहिलंत." मग ते बायकोकडे वळले. वीस माणसं होती, पण ते तिच्याशीच बोलले. "माळ्यावरच्या कागदांचं मी सांगितलं. इथंच. उभा राहून. देवाला सांगतोय असं वाटलं. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं नाही. मीच उघडलं."

बायकोनं त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं दार उघडून परक्याच्या घरात शिरल्यावर माणूस पाहतो.

"मी वही नेली," कॅप्टन उभे राहून म्हणाले. "लपवत नाही. देशासाठी नेली. पुन्हा वेळ आली तर पुन्हा नेईन."

"तुम्ही माझ्या आईला खांदा दिलात," मिस्त्री म्हणाले. "ते मी विसरणार नाही. पण आजपासून या खोलीत कुणी खरं बोलेल का, कॅप्टन? बघा विचारून."

कॅप्टननी खोलीभर पाहिलं. सगळ्यांच्या नजरा जमिनीवर होत्या. ज्या बाईनं मागच्या महिन्यात मुलाबद्दल काहीतरी सांगितलं होतं, ती पदर तोंडाशी धरून बसली होती.

मिस्त्री पिशवी घेऊन मोठ्या दालनात गेले. वेदीमागे स्टूल लावलं. एकेका खुंटीवर करवत चालू लागली. मागच्या खोलीत तो आवाज स्पष्ट येत होता. कुणी अडवायला आलं नाही, कुणी मदतीलाही आलं नाही. चौथी खुंटी कापली तेव्हा पाटी त्यांच्या छातीवर आली. त्यांनी ती भिंतीला उलटी टेकवली. तुळईत खुंट्यांची चार गोल टोकं राहिली. ती काढता येणार नव्हती. स्वतःचंच काम होतं.

बायको केव्हाच निघून गेली होती.

पुढच्या रविवारपर्यंत नवी पाटी आली, पत्र्याची, रंगवलेली. ती चार लोखंडी खिळ्यांनी ठोकली. मिस्त्रींना वर्कशॉपमध्ये हातोडीचा आवाज आला. चौथ्या घावानंतर त्यांनी मोजणं सोडलं.

घरात बायको त्यांच्याशी कामापुरतं बोले. मीठ, पाणी, किल्ली. नवव्या दिवशी सकाळी तिनं डबा भरला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"आज तुम्ही जा. आणि तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून त्याला कळायला नको."

चौकीत त्या दिवशी डब्याला परवानगी मिळाली. मेहुणा गजांशी आला. दाढी वाढली होती, श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मिस्त्रींना पाहून त्याचे डोळे नेहमीसारखे चमकले.

"या भाऊजी. पटाशीसाठी आलात ना? माझ्या कपाटात आहे, खालच्या कप्प्यात. इमानदारीत सांगतोय."

मिस्त्रींनी गज धरले.

"कागदांचं मी सांगितलं."

मेहुण्याचं हसू तसंच राहिलं, आतून मात्र विझलं. "कुणाला?"

"देवाला."

मेहुण्यानं गजांवर कपाळ टेकवलं. मग म्हणाला, "सदतीस घरं, भाऊजी."

"माहीत आहे."

शिपायानं घड्याळाकडे बोट दाखवलं. मिस्त्रींनी डबा पुढे केला. तो गजांमधून जात नव्हता. चार बोटांची फट होती. आडवा घातला, उभा घातला, नाही गेला. मग त्यांनी झाकण काढलं, आतला पाव बाहेर घेतला. तोही अख्खा जाईना. त्यांनी तो मोडला आणि एक तुकडा गजांतून आत धरला.

मेहुण्याचा हात पुढे यायला वेळ लागला. मिस्त्री तसेच धरून उभे राहिले.