दीडची पाणीगेट बस

आमच्या सिटी बसच्या ऑफिसात नलिनीबेन मोहित्यांइतका नीट फॉर्म कोणी भरत नाही. पणजोबा बडोदा संस्थानच्या दफ्तरात होते, हे त्या आल्यागेल्याला ऐकवतात. मला तर फॉर्म भरायला त्यांनी दोनदा शिकवलंय.

बडोद्याचा उन्हाळा दरवर्षी वाढतोच आहे. थांब्यांवर माणसं भोवळ येऊन पडायला लागली, तेव्हा ऑफिसने उन्हाळ्याची योजना काढली: कुठे छप्पर घालायचं, दुपारच्या कुठल्या फेऱ्या बंद करायच्या. पाणीगेटच्या थांब्यावर दीडच्या बसचे प्रवासी मोजायला नलिनीबेन गेल्या. फॉर्मवर छापलं होतं, 'खांबापाशी उभे प्रवासी'. त्यांनी इमानेइतबारे लिहिलं, तीन. चार दिवस तेच. मोजून झालं की बस यायच्या आत त्या रिक्षाने परत. आमच्या हार्दिकसाहेबांनी दीडच्या फेरीवर काट मारायचं ठरवलं.

पाचव्या दिवशी रिक्षाच मिळेना. तेवढ्यात बस आली, आणि मागच्या गल्लीतल्या ओट्यांवरून वीसेक बायका उठून धावत सुटल्या. घरोघरी स्वयंपाक करून परतणाऱ्या. सगळ्यांच्या मागे सत्तरीच्या चिमणाबाई. त्या पोचेपर्यंत बस निघून गेली.

"खांबापाशी का नाही थांबत तुम्ही?" नलिनीबेननी विचारलं.

"तडक्यात, एवढ्या उन्हात, उभी राहिले तर बसच्या आधी मीच जाईन, बेन! आता साडेतीनची. माझं रोजचंच आहे."

नलिनीबेन ऑफिसात आल्या त्या लालबुंद होऊन. उन्हाने की शरमेने, मी विचारलं नाही. त्यांना बघून मला फार वाईट वाटलं. त्यांनी साहेबांना गल्लीतल्या बायकांचं सगळं सांगितलं.

"पण बेन, फॉर्मवर सही तर तुमचीच छे ने?" हार्दिकसाहेब म्हणाले.

"सही माझी, चूकही माझी. लेखी देते."

जन्मात खाडाखोड न केलेल्या बाईने चारही फॉर्मवर आडवी रेघ मारली, 'चुकीची मोजणी' असं लिहिलं आणि खाली पूर्ण नावाची सही केली. दीडची फेरी कायम राहिली. खांब उपटून गल्लीच्या तोंडाशी, सावलीत रोवला.

पहिल्या दिवशी मीही बघायला गेलो. दीडला बस आली. कोणी धावलं नाही. चिमणाबाई ओट्यावरून उठल्या, पिशवी उचलली आणि सावकाश चालत जाऊन बसमध्ये बसल्या. नलिनीबेनच्या हातातला फॉर्म कोराच होता; चिमणाबाईंकडे बघता बघता मोजायचं राहूनच गेलं होतं. त्या रडत होत्या.