चढावरचा पाव गुंठा

ज्याला आजवर कुणीही फसवू शकलेलं नाही असा या पृथ्वीवर एकच माणूस आहे, आणि तो माझा थोरला साडू आहे. हे माझं मत नाही, त्यांचं स्वतःचं आहे. माझं लग्न झाल्यापासून ते मला हे ऐकवत आलेत. जव्हारच्या एसटी डेपोत साडूभाऊंनी जन्मभर स्टोअर सांभाळलं. नट, बोल्ट, टायर, ट्यूब मोजून द्यायचे आणि मोजून घ्यायचे. निवृत्त झाल्यावर बाकीचे लोक घरी येताना नारळ आणि शाल आणतात; यांनी ती मोजायची खोड आणली. उजव्या खिशात पोलादी टेप आणि पिशवीत स्वतःचा ताणकाटा घेतल्याशिवाय ते दाढी करायलाही बाहेर पडत नाहीत. टेपच्या वजनाने पँट एका अंगाला झुकते, म्हणून आमच्या ताईंनी, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीने, तो खिसा जुन्या गादीच्या कापडाचा शिवलाय. बाजारातल्या भाजीवाल्या बायका त्यांना लांबून पाहूनच मूठभर जास्त घालतात, कारण एकदा का काटा बाहेर आला की मागच्या गिऱ्हाइकांनी घरी जाऊन जेवून यावं.

आमच्या मोखाड्याच्या बोहाड्यात, म्हणजे मुखवट्यांच्या उत्सवात, एकदा रावणाचं सोंग नाचत होतं. संबळ वाजतोय, माणसं हात जोडून उभी आहेत, आणि साडूभाऊ सोंगाच्या मागे टेप घेऊन धावताहेत. त्यांच्या मते मुखवटा मागच्या खेपेपेक्षा वीतभर लहान झाला होता. रावणाने मुखवट्याच्या आतून त्यांना काय ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. आमचे सासरे गेले तेव्हाही, डोळ्यांना रुमाल लावलेला असताना, त्यांनी माझ्या कानात सांगितलं, "मास्तर, तिरडीचा बांबू आखूड आणलाय." सगळ्यांनी त्यांना गप्प केलं. बांबू खरोखरच आखूड होता, आणि दुसरा येईपर्यंत सासरेबुवा अंगणात ताटकळले.

अशा माणसाने घर घ्यायचं ठरवलं तेव्हा जमिनीच्या दलालांवर काय प्रसंग आला असेल याची कल्पना करा. ताईंचं सगळं आयुष्य क्वार्टरमध्ये गेलं होतं. दुसऱ्याच्या दोरीवरचं धुणं तोंडावर येणार नाही असं एक अंगण, एवढंच त्यांचं मागणं होतं. शेवटी गावाबाहेर, टेकडीच्या पोटाशी, एक कौलारू घर पसंत पडलं. पुढे अंगण, मागे वर चढत गेलेली जमीन. खरेदीआधी साडूभाऊंनी चारी बाजूंनी टेप लावली. एक टोक ताईंच्या हातात, दुसरं यांच्या. काट्याकुट्यांतून, टेप जमिनीला घट्ट टेकवून, घाम गाळत मोजणी झाली. मग आकडेमोड झाली आणि साडूभाऊंनी ती पुन्हा एकदा केली. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "कागदावर चार गुंठे आहे. माझ्या मापाने सव्वाचार भरते. कुठे बोलू नका."

मी कुणाकडे बोलणार होतो? पण खरेदी झाल्यावर त्यांनी मला जे पेढे चारले ते घराचे नव्हते, त्या पाव गुंठ्याचे होते. ज्याला कुणी फसवलं नाही त्याने आता उलट जगालाच पाव गुंठ्याला फसवलं होतं.

आनंद फार टिकला नाही. साडूभाऊंचं डोकं मुळात हिशेबाचं, आणि हिशेबात काही जास्त आलं तर ते कुणाचं तरी कमी झालेलं असतं, हे स्टोअरवाल्याला का सांगायला हवं? एका बाजूला रस्ता होता, दुसऱ्या बाजूला ओहोळ, तिसरीकडे जुना दगडी बांध. उरलं वरच्या अंगाचं निरगुडीचं कुंपण. आणि कुंपणापलीकडे राहायचे ते म्हातारे, ज्यांना सगळे बाबा म्हणत.

बाबा मूळचे साखरशेतचे. तिकडे भात-नाचणीचं रान मुलगा बघायचा. म्हातारी गेल्यापासून बाबा इथल्या कुडाच्या घरात एकटे. नवीन शेजारी आले तशी पहिल्याच दिवशी ते निरगुडीतून वाट काढत काकड्या घेऊन उतरले. ताईंनी विचारलं, किती द्यायचे. बाबा म्हणाले, "घरची हाय ती. तिला काय द्याचं?" तेव्हापासून रोज संध्याकाळी बाबा ओट्यावर चहाला. एक माणूस सगळं मोजणारा आणि दुसरा कधीच काही न मोजणारा, पण दोघांचं जे काही जमलं ते मी माझ्या सख्ख्या भावाशीही जमवू शकलेलो नाही. जन्मात पहिल्यांदा साडूभाऊंना डेपोबाहेरचा मित्र मिळाला होता, आणि त्याचीच जमीन आपण दाबून बसलोय असं त्यांच्या मनाने घेतलं.

टेप ट्रंकेत गेली. काटा खुंटीला लागला. बाजारात हा माणूस न तोलता वांगी घेऊ लागला तेव्हा भाजीवाल्या बायकांनी मला थांबवून विचारलं, "भाऊंची तब्येत बरी हाय ना?" बाबा निरगुडीजवळ नुसते लघवीला थांबले तरी, कुंपण न्याहाळताहेत की काय या धास्तीने, साडूभाऊ ओट्यावरून चहाला हाका मारायचे. चहात साखर जास्त पडू लागली, दिवाळीला बाबांना घोंगडी आली. ताई मला म्हणाल्या, "यांनी कुणाचं तरी काहीतरी खाल्लंय. पचत नाहीये."

आणि मग बाबांच्या मुलाने पक्कं घर बांधायचं ठरवून सरकारी मोजणी मागवली. साडूभाऊंचा मला मोखाड्याला फोन. "मास्तर, निघा."

मी पोचलो तेव्हा ते इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, कोर्टात जायचं असावं तसे. मोजणीवाले यायच्या आधी सांगून टाकायचं म्हणाले. पकडलं गेल्यावर सांगितलं तर बाबा पुन्हा ओट्यावर यायचे नाहीत. आम्ही चढ चढलो. बाबा दारात विळ्याला धार लावत होते.

"बाबा," साडूभाऊ म्हणाले, "तुमची पाव गुंठा जमीन माझ्याकडे आलीय. मला पहिल्यापासून माहीत होतं."

बाबांनी विळा खाली ठेवला. "कंची जमीन?"

"ही कुंपणाच्या आतली. मी मोजलंय."

बाबांनी निरगुडीकडे पाहिलं, मग साडूभाऊंच्या शर्टाकडे. "आता तुमच्याकडं हाय ना? मंग ऱ्हाऊ द्या."

"अहो, पण ती तुमची आहे."

"मी कुठं नाय म्हनतो? दिली तुमाला. वाल लावा तिथं. चढावर वाल चांगला येतो." आणि विळा परत हातात घेतला.

उतरताना साडूभाऊंनी माझा दंड धरला तो ओट्यापर्यंत सोडला नाही. मला त्या दिवशी हा माणूस फार आवडला.

दुपारी मोजणी झाली. सगळ्या हद्दी जिथल्या तिथे निघाल्या. निरगुडी बरोब्बर हद्दीवर, आणि साडूभाऊंची जमीन चार गुंठे. त्यांनी ट्रंकेतून टेप आणून वाद घातला. मोजणीला आलेल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "काका, टेप कशी धरली होती?"

"जमिनीला टेकवून. हवेत धरून कुणी मोजतं का?"

"आम्ही तसंच मोजतो," बाई म्हणाल्या. "चढाला टेकवली की माप जास्तच भरणार. कागदावर चढ धरत नाहीत, सगळं सपाट समजतात."

डेपोच्या सपाट फरशीवर जन्म काढलेल्या माणसाला हे सुचणार तरी कसं? पाव गुंठा कुणाचाच नव्हता. तो नुसता चढ होता. मी पोट धरून हसलो, ताई हसल्या, बाबाही बोळक्या तोंडाने हसले. साडूभाऊ तेवढे हसले नाहीत. आयुष्यात एकाच माणसाने त्यांना काहीतरी न मोजता दिलं होतं, आणि सरकारने येऊन ते नाहीच म्हणून सांगितलं होतं.

टेप पुन्हा खिशात आली, बाजारात काटा पुन्हा निघू लागला, बायकांचा जीव भांड्यात पडला. पण कुंपणाखालच्या त्या चढावर साडूभाऊंनी वाल लावला. पहिली टोपली बाबांकडे गेली. दुसरा हंगाम बाबांनी पाहिला नाही. पावसाळ्यातच ते गेले, आणि पक्क्या घराचं राहूनच गेलं. आता पहिली टोपली साखरशेतला त्यांच्या मुलाकडे जाते, आणि ती काट्याला लावलेली मी पाहिलेली नाही.

मागच्या रविवारी गेलो तेव्हा वेल फुलावर आला होता. साडूभाऊ काठी टेकत चढले आणि म्हणाले, "हा बाबांचा तुकडा." मला चेष्टा करायची लहर आली. म्हटलं, "नक्की कुठून कुठपर्यंत?"

त्यांचा हात सवयीने खिशाकडे गेला. मग तो तसाच बाहेर आला आणि त्यांनी तो नुसता हवेत फिरवला, वेलांवरून, निरगुडीवरून, वर बाबांच्या बंद घरापर्यंत.

"असेल," ते म्हणाले, "इथपर्यंत कुठेतरी."