गाळपाच्या आदल्या दिवशी

सौदीतल्या कतीफच्या बाजारात द्राक्षांच्या पेट्या उतरायला लागल्या की माझी बायको माझ्याकडे बघत नाही, मुद्दाम पेट्यांकडे बघते. मला ते बघणं ऐकू येतं.

आमच्या रत्नागिरीकडच्या माणसाची आखातातली सुट्टी म्हणजे गाव. दोरीने आवळलेली खोकी न्यायची आणि पोचल्यावर कुणाचं छप्पर, कुणाचं लग्न बघायचं. सुट्टीत तिसऱ्याच देशात जाऊन नुसतं हिंडायचं, हे आमच्यात कुणी ऐकलेलं नव्हतं. मी तर सातवीत शाळा सोडलेला. तरी आम्ही फ्रान्सला गेलो, तेही दारूच्या मुलखात.

अबकैकजवळच्या एका कॉलनीत मी दुरुस्तीच्या खिडकीवर बसायचो. नळ गळतो, एसी थेंबतो, अशा तक्रारी घ्यायच्या आणि माणूस पाठवायचा. तिथे एक फ्रेंच इंजिनीअर आणि त्यांची मॅडम राहायची. उन्हाळ्यात ते मायदेशी गेले की त्यांची झाडं आणि मांजर माझी बायको सांभाळायची. कायमचं जाताना मॅडमनी तिचे हात धरले. "आता तुम्ही यायचं. माझ्या आईच्या घरी, द्राक्षं तोडायच्या वेळेला." असं सगळेच म्हणतात. यांनी तिकिटं पाठवली.

मला आनंद कमी, धास्ती जास्त. ते सौदीकरणाचे दिवस. खिडकीवरची, काउंटरवरची कामं एकेक करून सौदी मुलांकडे जात होती. त्यांचाच देश, तक्रार कुणाकडे करणार? पण आज कुणाची खुर्ची गेली हे कँटीनमध्ये डाळ वाढायच्या आधी कळायचं. तरी मॅनेजरसाहेबांनी रजा दिली. अल्लाह त्यांचं भलं करो.

ते गाव टेकडीवर होतं. दगडी वेस, आत बैलगाडी जेमतेम जाईल अशी गल्ली, निळ्या खिडक्या, मधोमध चर्चचा चौक. खाली बघाल तिकडे द्राक्षं. आम्हाला वाटलं होतं वर मांडव असेल, तर वेली कमरेएवढ्या, आणि ओळींच्या तोंडाला गुलाबाची झाडं लावलेली. एका तळघरापाशी आंबूस वास आला तशी बायकोने ओढणी नाकाला लावली. मग हळूच म्हणाली, "अहो, हा तर बोंडांचा वास." खरंच. काजूची बोंडं कुजायला लागली की आमच्या वाडीत असाच वास सुटतो.

मॅडमची आई, आम्ही तिला आजीच म्हणायचो, तिने आमच्यासाठी नवा तवा आणून ठेवला होता. तिच्या भांड्यांत डुकराचं शिजलेलं, म्हणून. वरचा कागद तसाच ठेवून तिने तो आम्हाला दाखवला.

रोज एक जुनं गाव. सकाळी पाव घ्यायचा, गल्ल्या हिंडायच्या, दुपारी झाडाखाली टेबल लावून तासन्‌तास जेवायचं. मला ते बसणं जमेना. घास संपला की मी ताटल्या गोळा करायचो. सकाळी इंजिनीअरसाहेबांची गाडी धुवायचो. पाणीसुद्धा उभ्याने प्यायचो.

"पाणी तरी बसून प्या," बायको म्हणायची. "धर्माने सांगितलंय. आणि खिडकी इथे नाहीये."

एका जेवणात आजीने मॅडमकरवी सांगितलं, शुक्रवारी गाळप. पहिल्या दिवशी तो नुसता रस असतो, घरातली लहान मुलंही पितात. आमचे दोन पेले सगळ्यात आधी भरणार. त्या दिवसापासून बायको शुक्रवारची वाट बघायला लागली. "ह्या मुलखातलं आपल्याला चालतं ते एवढंच," म्हणाली.

बुधवारी चौकातल्या बाकावर मी एकदाचा जरा टेकलो होतो. फोन आला. कामावरचा महाडचा सोबती.

"भाई, तुमच्या खुर्चीवर सौदी पोरगा बसलाय. फाइली बघतोय."

"मॅनेजरसाहेब काय म्हणाले?"

"मी कशाला विचारू? माझीच खुर्ची हलतेय."

मी मॅडमना तिकिटाची तारीख बदलायला सांगितली. बायको म्हणाली, "खुर्ची जायची असेल तर तुम्ही तिथे असलात तरी जाईल. मधे एक दिवस तर आहे."

"आणि राहायची असेल तर?"

ती उठून कपड्यांच्या घड्या घालायला लागली.

गुरुवारी आजी वेशीपर्यंत आली. माझ्या गालावर हात ठेवून मॅडमला काहीतरी म्हणाली. मॅडमनी त्याचा अर्थ सांगितला नाही. गाडीत मीच विचारलं. त्या रस्त्याकडे बघतच म्हणाल्या, "ती विचारत होती, याला आमच्याकडचं काहीच आवडलं नाही का?"

कामावर पोचलो तर तो मुलगा माझ्या खुर्चीतून चटकन उठला. त्याच्या खोलीचा एसी बंद पडला होता, म्हणून तो खिडकीत येऊन बसला होता. "इतक्यात आलात?" म्हणत त्याने कहवा ओतला. मी तो उभ्यानेच प्यायलो.

खुर्ची गेली ती पुढच्या वर्षी, रीतसर, आधी सांगून. तोवर तो मुलगा मला "चाचा" म्हणायला लागला होता. इथल्या, कतीफच्या भाजीच्या शीतगृहात नवा कफील, म्हणजे हमी घेणारा मालक, त्यानेच शोधून दिला, कागदांसाठी कचेऱ्याही तोच हिंडला. त्याचे उपकार मी विसरणार नाही. आजी मात्र पुढच्या तोडणीआधीच गेली. मॅडमनी फोनवर सांगितलं की तवा अजून आमच्या नावाने वेगळा ठेवलाय.

परवा मी काळ्या द्राक्षांची पेटी घरी आणली. बायकोने ती मलमलच्या ओढणीत पिळली, दोन पेले भरले. मी दारातूनच हात पुढे केला.

"बसा आधी."

बसलो. रस गोड होता, पण त्याला शीतगृहाचा वास होता. तिने पेला संपवला, तळाशी राहिलेला गाळ बघितला.

"तिथला रसही असाच असेल का हो?"

मला कुठे ठाऊक.